जेवण झालं की कुत्रं सोफ्याला तोंड घासतं: लाड की खाज?

खंडूची_आई: आमचा लॅब्रॅडॉर ताकभात संपवला की थेट सोफ्याकडे. आधी डावा गाल, मग उजवा, मग नाक, शेवटी घुरघुर करत लोळण. सासूबाई म्हणतात, वाईट खोड आहे, दामटा. मला पटत नाही. मिशांना शितं चिकटली तर बिचाऱ्याने पुसायची कशाने? पोट भरल्याचा आनंदही असतोच त्यात.

घाटावरचा: कौतुक पुरे, डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याची ॲलर्जी बहुतेक वेळा कातडीवर निघते: तोंड, कान, पंजे, काखा. पंजे चाटतो का? कानाला आंबूस वास येतो का? पावसाळ्यात हे हमखास.

खंडूची_आई: कान स्वच्छ, पंजे कोरडे. घासतो ते फक्त जेवल्यावर. खाज काय जेवणाची वेळ बघून येते?

बोका_प्रेमी: अहो, गालातल्या ग्रंथींचा वास लावून 'सोफा माझा' म्हणतोय तो!

घाटावरचा: ते तुमच्या बोक्याचं. कुत्र्याची हद्द मुख्यतः मुतून ठरते. उलट कुत्रं दुसऱ्याचा वास स्वतःला फासून घेतं. मेलेला उंदीर दिसला की आधी गाल, मग मान, मग पाठ. लांडगेही हेच करतात.

कोकणी_माणूस: ताई, 'फक्त जेवल्यावर' म्हणून निर्धास्त राहू नका. दात दुखत असेल तरी जेवल्यावरच जाणवणार. आमची गावठी कुत्री अशीच तोंड घासायची, पंजाने ओरबाडायची. जबडा उघडला तर हाडाचा तुकडा वरच्या दाढांमध्ये आडवा, टाळूला टेकलेला! एकाच बाजूने घासतो का ते बघा. गवत वाळलं की कुसळही नाकात जातं, मग घासण्याबरोबर शिंकांचा सपाटा. आणि न घासता भिंतीला डोकं दाबून नुसता उभा राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो मेंदूचा किंवा यकृताचा आजार असू शकतो.

खंडूची_आई: ओठ वर करून पाहिलं, हिरड्या गुलाबी, दात शाबूत. दोन्ही बाजूंनी सारखाच घासतो. तरी दाखवून आणते. पण दामटणार नाही म्हणजे नाही. सोफ्यावर जुनी चादर टाकलीय.

घाटावरचा: चादर उग्र वासाच्या पावडरीत धुऊ नका. त्यानेही खाज सुटते.

खंडूची_आई: तुम्ही काही खाज सोडत नाही!