प्रति: जर्सीसाठी जाड स्लॅब फाँट
वर कोणीतरी म्हटलंय की जर्सीवर जाड स्लॅब सेरिफ (अक्षरांच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या, म्हणजे सेरिफ, असलेला फाँट) टाकणं म्हणजे नुसती रेट्रो फॅशन. मला अजिबात नाही पटत. स्लॅब आला इंग्लंडमध्ये, १८१०-२० च्या दशकात, तोही पोस्टर-जाहिरातींसाठी, लांबून ठळक दिसावं म्हणून, मग मैदानावर तो शोभणारच ना! आणि अमेरिकन कॉलेजांच्या स्वेटरवरची अक्षरं फेल्टमधून (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडातून) कापून शिवायचे, गोलाईपेक्षा सरळ रेषेत कात्री चालवणं सोपं, त्या कोपरे छाटलेल्या ओ आणि सी मागे हे कारण सांगतात. हार्वर्डच्या बेसबॉल टीमच्या शर्टावर तर १८६५ मध्येच एच होता. मला हा प्रकार फार आवडतो, अक्षर कसं पाय रोवून उभं राहतं.

फक्त फाँट घ्यायच्या आधी आकडे नीट बघा, सहा, आठ, नऊ यांच्या आतली पोकळी जाड रेषांमुळे बुजते आणि भरतकाम केलं की अजूनच. दुहेरी आउटलाइन देणार असाल तर अक्षरांमधलं अंतर वाढवा नाहीतर शेजारशेजारचे सेरिफ चिकटतात. स्पॉन्सरची बारीक नावं मात्र साध्या सॅन्समध्येच (सेरिफ नसलेल्या फाँटमध्ये) ठेवा.