बांध, कुंपण आणि शेजार: नाशिककरांचे अनुभव

हद्दीच्या वादातून आपण मार्ग कसा काढला, हे नाशिक शहर व जिल्ह्यातील वाचकांनी येथे सविस्तर लिहावे. शेजाऱ्याचे नाव मात्र देऊ नये.

निफाड तालुका: आमच्या द्राक्षबागेच्या मांडवाचे ताण, म्हणजे मांडव ओढून धरणाऱ्या तारा, आपल्या गटात येतात, अशी तक्रार चुलत्यांनी ऐन छाटणीच्या तोंडावर काढली. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द कोठून जाते हे नसते. म्हणून शब्दाला शब्द न वाढवता भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज केला. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्यामुळे मोजणीला सगळे हजर होते. भूकरमापकाने दाखवलेल्या खुणांवर आम्ही चुलत्यांच्या देखत त्याच दिवशी दगड रोवले, कारण नुसत्या खुंट्या पहिल्या नांगरटीलाच उपटून येतात. ताण आमच्याच हद्दीत निघाले. चुलते काही दिवस बोलले नाहीत, पण ‘क’ प्रतीची, म्हणजे मोजणीच्या नकाशाची, झेरॉक्स त्यांनी स्वतःहून मागून नेली.

दिंडोरी तालुका: शेजाऱ्याने तारेचे कुंपण घातले आणि आमची वहिवाटीची वाट बंद झाली. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. गावातील बैठकांत ही मुदत सहज निघून जाते, म्हणून आम्ही आधी दावा दाखल केला आणि बोलणी नंतर चालू ठेवली. वाट पूर्वीपासून नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा अर्ज वेगळा असतो. या दोहोंत गल्लत झाली की तारखाच पडत राहतात.

गंगापूर रोड: सामाईक भिंतीवर आमचे लवकर जुळले, निम्मा खर्च, भिंतीचा मध्य हद्दीच्या रेषेवर, आणि तसा लेखी करार. अडले ते कुंपणाला टेकलेल्या आंब्यावर. १९७५ च्या झाडांविषयीच्या अधिनियमानुसार शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे शेजारच्या काकांना पटेपर्यंत कैऱ्यांचा एक हंगाम गेला. शेवटी झाडापुरती भिंत आमच्या बाजूला वळवून घेतली.

सिन्नर: मोजणी मान्य नसेल तर मोजणीदाराशी हुज्जत घालू नये, वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. शेजाऱ्याने ती मागितली आहे, निकाल यायचा आहे, तोवर आम्ही तार ओढलेली नाही.