शाळेत एकट्या पडलेल्या मुलांच्या कादंबऱ्या सुचवा

पानगळ:
मुलगी नववीत आहे. शाळा बदलल्यापासून मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसते. विचारलं की "काही नाही गं". तिच्यासाठी, आणि खरं तर माझ्यासाठीही, वर्गात एकट्या पडलेल्या मुलामुलींच्या कादंबऱ्या हव्यात. ‘शाळा’ दोघींनी वाचली, पण मुकुंदाला निदान सुऱ्या, चित्रे, फावड्या तरी होते. इंग्रजी चालेल. उपदेश नको, तो तिला दोन पानांत कळतो.

रात्रपाळी:
लॉरी हाल्स अँडरसनची ‘स्पीक’ (१९९९). मेलिंडा हायस्कुलात पाऊल टाकते तीच सगळ्यांची नावडती होऊन. सुट्टीतल्या पार्टीत तिनं पोलिसांना फोन केला, एवढंच पोरांना ठाऊक. का केला, हे कोणी विचारत नाही, तीही सांगत नाही. सफाई कामगाराची वापरात नसलेली खोली हेरून तिथे दडी मारते. चित्रकलेच्या तासाला फुटक्या पृथ्वीगोलातून चिठ्ठी उचलायची असते, तिच्या चिठ्ठीत निघतं ‘झाड’. आता वर्षभर झाडच काढायचं, आणि ते काही केल्या जमत नाही! मी आठवीत जवळजवळ बोलणंच सोडलं होतं. त्या झाडाशी तिची चाललेली झटापट मला सगळ्यात खरी वाटली.

एक मात्र आधीच सांगते, गोष्टीच्या मुळाशी बलात्कार आहे. आधी तुम्ही वाचा.

जुना_बाक:
आणि होल्डनला विसरलात? ‘द कॅचर इन द राय’, १९५१. पंधराव्या वर्षी वाटलं, हा माझंच बोलतोय. चाळिशीत पुन्हा घेतली तर कार्टं नुसतं किरकिरं वाटलं. मग ग्लव्हपाशी अडकलो. खोलीसोबत्याला निबंध लिहून हवा असतो, एखाद्या खोलीचं नाहीतर घराचं वर्णन. हा लिहितो वारलेल्या धाकट्या भावाच्या बेसबॉल ग्लव्हवर. मैदानात चेंडूची वाट बघताना वाचायला काहीतरी हवं, म्हणून भावानं त्यावर हिरव्या शाईनं कविता उतरवलेल्या. सोबती म्हणतो, हे काय लिहिलंस? होल्डन कागद फाडून टाकतो. पंधराव्या वर्षी हे पान मी बहुतेक उलटून पुढे गेलो होतो.

रात्रपाळी:
ग्लव्ह मान्य. पण होल्डन शाळेतून हाकलला गेला तरी खिशात पैसे घेऊन न्यूयॉर्कच्या हॉटेलात उतरतो, त्यामुळे माझी सहानुभूती जरा हात आखडूनच. त्यापेक्षा एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’. १९६७ साली छापून आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. चौदा वर्षांचा पोनीबॉय, आईवडील गेलेले, थोरला भाऊ घर चालवतो. शेवटी कळतं, आपण वाचलं तो त्याचा इंग्रजीच्या सरांसाठी लिहिलेला निबंध आहे. ‘स्पीक’ जड वाटली तर ही आधी द्या.

पानगळ:
‘स्पीक’ काल रात्री संपवली. द्यायची की नाही या विचारात टेबलावरच ठेवली होती. मघाशी स्वयंपाकघरात येऊन विचारते, "आई, ते झाड शेवटी जमतं का गं?"