अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन वाचलं, पण चित्रांबद्दल लिहायचं काय?

अर्धवट_शाई:
मंडळी, एक प्रामाणिक प्रश्न. नवीन अंक वाचून झाला की मी मित्रांच्या ग्रुपवर चार ओळी खरडतो. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनचे, म्हणजे डीसीने बॅटमॅनची गोष्ट नव्याने मांडलेल्या कॉमिकचे, पहिले सहा अंक संपवून असंच एक लांबलचक लिहिलं, की इथला ब्रूस (म्हणजे बॅटमॅनच) श्रीमंत नाही, शहराचा इंजिनियर आहे, आई जिवंत आहे, वडील शाळामास्तर होते आणि प्राणीसंग्रहालयातल्या गोळीबारात गेले, आल्फ्रेड त्याचा बटलर नसून एमआय-६ चा, म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा माणूस आहे वगैरे वगैरे, नऊ पॅरे, आणि शेवटी एक ओळ, "निक ड्रॅगोटाचं आर्टवर्कही जबरदस्त." एका मैत्रिणीने वाचून विचारलं, तू कॉमिक वाचलंस का विकिपीडिया? झोंबलं यार. पण खरं आहे, चित्रांबद्दल 'भारी' आणि 'डिटेल्ड' च्या पुढे माझी गाडी जातच नाही. एलिमेंटरीला सी ग्रेड मिळवून मी ब्रश ठेवला तो ठेवलाच.

आणि दुसरं म्हणजे चौथ्या अंकात चित्रकार बदलला, गाब्रिएल हेर्नांदेझ वाल्टा आला, आणि मला ते खूप खटकलं. का खटकलं ते मात्र धड सांगता येईना. चित्र काढता न येणाऱ्याने चित्राला नावं ठेवावीत का, आणि ठेवायची तर कशी?

कोपऱ्यातली_चौकट:
स्वयंपाक न येणारा माणूस आमटी खारट झालीय हे सांगू शकतो की, बिनधास्त ठेव नावं.

मी काय करते सांगते. पहिल्यांदा अंक नेहमीसारखा वाचते. दुसऱ्यांदा बलून (संवादाचे फुगे) आणि कॅप्शनवर (निवेदनाच्या पट्ट्यांवर) नजरच टाकायची नाही, गरज पडली तर हात ठेवून झाकायचे, आणि बघायचं की नुसत्या चित्रांवरून कोण कुठे उभं आहे, कोण कोणावर चिडलंय, किती वेळ गेला हे कळतंय का. जिथे कळत नाही तिथे पेन्सिलने फुली. पाच-सहा फुल्या झाल्या की तुझं अर्धं परीक्षण तिथेच तयार.

पहिल्याच अंकातलं उदाहरण घे. बॅटमॅनच्या छातीवरचं ते वटवाघूळ. कव्हर बघून मी हसले होते, म्हटलं हे काय, कोणीतरी छातीवर वीट चिकटवलीय. इतकं जाड, बेढब, चौकोनी. मग हाणामारीत तो ते छातीवरून काढतो आणि ती कुऱ्हाड निघते, आणि समोरच्या गुंडाचा हात तुटतो. म्हणजे ज्याला मी डिझाईनमधली चूक समजत होते ती वस्तू पूर्ण वेळ माझ्या डोळ्यासमोर होती! हे कॅप्शनमध्ये लिहून साधलंच नसतं. असं एक तरी ठिकाण पकड आणि त्यावर लिही, 'जबरदस्त' आपोआप गळून पडेल.

आणि कलरिस्टचं, म्हणजे रंग भरणाऱ्याचं, नाव घ्या रे कोणीतरी कधीतरी. फ्रँक मार्टिन. ड्रॅगोटाबरोबर त्याने 'ईस्ट ऑफ वेस्ट' हे कॉमिक पण रंगवलंय, त्या दोघांचं जमतं ते उगाच नाही.

वेताळभक्त:
वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, सांभाळून घ्या. आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो. वेताळाचा (इंग्रजीतला फँटम) बाप, म्हणजे लेखक, ली फॉक हे शाळेतल्या पोरालाही माहीत, पण तो वेताळ आमच्या डोळ्यासमोर जसा उभा राहिला तसा काढणारा साय बॅरी, ज्याने १९६१ पासून १९९४ पर्यंत म्हणजे तेहतीस वर्षं ते काम केलं, त्याचं नाव मला पन्नाशीत कळलं. लाज वाटली. त्यामुळे शेवटच्या एका ओळीत चित्रकाराला गुंडाळायची खोड जुनीच आहे, तुम्ही एकटे नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पानावरची कुठली गोष्ट लेखकाची आणि कुठली चित्रकाराची हे बाहेरून छातीठोक सांगू नये. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली नुसतं कथानक सांगायचा, चित्रकार जॅक कर्बी पानंच्या पानं काढून आणायचा आणि संवाद नंतर भरले जायचे. मग त्या अंकाचा 'लेखक' कोण? आता पूर्ण स्क्रिप्ट लिहून देणारे बरेच आहेत, चौकटी सुद्धा मोजून देतात. म्हणून मी "स्नायडरने (बॅटमॅनच्या या अंकांचा लेखक) इथे चौकट मोठी केली" असं लिहीत नाही, "इथे चौकट मोठी होते" असं लिहितो. भांडणं कमी होतात.

रात्रपाळी:
मी जरा उलटं बोलणार आहे. चित्रांचं कौतुक करा पण लेखनाला का सोडताय? आल्फ्रेडच्या कॅप्शन्स बघा पहिल्या अंकात. माणूस दुर्बिणीतून बघतोय, आपणही तेच बघतोय, तरी तो आपल्याला सांगतोय काय दिसतंय ते. क्रिकेट टीव्हीवर बघताना शेजारी रेडिओ लावून बसलेल्या काकांसारखं. स्नायडरची ही जुनी सवय आहे, २०११ च्या बॅटमॅनपासून. ड्रॅगोटासारखा माणूस असताना त्याच्यावर विश्वास ठेव ना बाबा, गप्प बस दोन पानं.

तुलना करायची तर अ‍ॅब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर वाच. त्यात एफबीआयचा जॉन जोन्स एका स्फोटातून वाचतो आणि मग त्याला लोकांमधून रंगीत धूर निघताना दिसायला लागतो, म्हणजे त्यांच्या मनातलं. हाविएर रॉड्रिगेझ चित्रही काढतो आणि रंगही स्वतःच भरतो, त्यामुळे धुराचा रंग बदलला की तो संवादच झाला. तिथे आर्ट वेगळं आणि रायटिंग वेगळं असे दोन परिच्छेद करूनच दाखव, जमणार नाही.

बाय द वे तू वाचतोस कशावर? मोबाईलवर एकेक चौकट झूम करून वाचत असशील तर चित्रांवर बोलायचा हक्क नाही तुला, गंमतीत म्हणतोय पण अर्धं खरं. ड्रॅगोटा आधी एका पानात बारीक चौकटींची जाळी विणतो आणि पान उलटलं की अख्ख्या पानावर एकटा तो धिप्पाड माणूस. झूम करून वाचलं की दोन्ही सारख्याच साईझचं दिसतं, मग काय कपाळ कळणार.

कोपऱ्यातली_चौकट:
@रात्रपाळी रेडिओवाले काका 😂 पण एका मुद्द्यावर नाही पटलं. आल्फ्रेड बॅटमॅनला मारायच्या नजरेनं बघतोय, त्याचा आवाज लागतोच तिथे. थोडा कमी लागतो हे मान्य.

अर्धवट_शाई:
पकडलं मला. मोबाईलवरच वाचतो. पहिला अंक तेवढा कागदावर घेतलाय, ४.९९ डॉलरचा अंक शिपिंग धरून कितीला पडला ते घरी सांगितलेलं नाही, आणि आला तोही कोपरा दुमडून.

काल रात्री चौथा अंक टॅबवर पूर्ण पान ठेवून, बलूनवर अंगठा ठेवून परत बघितला. खटकलं होतं ते वाल्टाच्या चित्रामुळे नाही असं आता वाटतंय. ड्रॅगोटाचा बॅटमॅन चौकटीत मावत नाही, वाल्टाची रेघ बारीक, जरा थरथरणारी, तिच्यातला ब्रूस साधा माणूस वाटतो, आणि अंक मागची गोष्ट सांगतोय म्हणजे तो तेव्हा साधा माणूसच असणार ना. माझा राग जागेवर होता. तिसऱ्या अंकात ऐन रंगात आलेलं प्रकरण तोडून मध्येच हा घुसवलाय. तो राग लेखक-संपादकावर काढायचा होता, मी बिचाऱ्या चित्रकारावर काढला.

नऊ पॅऱ्यांतले सात उडवले. कुऱ्हाडीवर मात्र लिहीत नाही, ते @चौकट ताईंचं आहे. मी सातव्या-आठव्या अंकावर लिहीन म्हणतो, मार्कोस मार्तीनने काढलेत ते, मिस्टर फ्रीझ या बर्फाळ खलनायकाचे. कोणी आधी वाचले असतील तर स्पॉयलर देऊ नका.

रात्रपाळी:
थंडी वाजेल. एवढंच सांगतो.