अनुभव धागा : रील्सनी घरात आणलेली भांडणं

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणले. मग यूट्यूबचे शॉर्ट्स. तेव्हापासून हुंडा, पोटगी, सून, नवरा या सगळ्यांवरचे निवाडे अर्ध्या मिनिटात व्हायला लागलेत. आमच्याकडे जेवताना होणारे वाद हल्ली कुठल्यातरी रीलवरूनच पेटतात. तुमच्या घरात, कामावर, प्रवासात या व्हिडिओंनी काय केलं ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही जरूर.

नदीकाठ
माझं लग्न मे २०२५ मधलं. रिसेप्शनला नवऱ्याच्या मित्रांनी स्टेजवर निळा ड्रम आणून ठेवला. मार्चमध्ये मेरठला एका नवऱ्याचा मृतदेह सिमेंट भरलेल्या ड्रममध्ये सापडला होता, आरोप बायकोवर आणि तिच्या प्रियकरावर होता. त्यानंतर ड्रमच्या रील्सना नुसता ऊत आला होता. सगळा हॉल हसत होता, मोबाइल वर झाले होते. सकाळीच ज्याच्याबरोबर सप्तपदी चालले, त्याचा मी उद्या जीव घेईन, असा तो विनोद. बाबा हसले नाहीत. त्याच महिन्यात पुण्यातल्या एका तरुण सुनेच्या मृत्यूची आणि हुंड्यासाठी झालेल्या छळाच्या आरोपांची बातमी घराघरात होती. त्यावरून कुठल्या नवरदेवाला स्टेजवर कुणी काही भेट दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ डिलीट करायला लावला. एका मित्राशी त्याचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

सातारा_स्टँड
१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी रोज कॉलेजला एसटीने जाते. "पूर्ण तिकीटवाला उभा, हाफ तिकीटवाली बसलेली" हा रील आमच्या गाडीतल्या मुलांनी इतक्यांदा वाजवलाय की संवाद पाठ झालेत. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजोबांना तर तिकीटच नाही, पासष्टीपासून अर्धं आहे. त्यांच्यावर कुणी रील करत नाही, आणि करूही नये. सवलत आली म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला अकरावीला तालुक्याच्या गावी घातलं. हे कुठल्या रीलमध्ये यायचं?

कौटुंबिक_न्यायालय
मी वकील आहे. पक्षकार हल्ली मोबाइल पुढे करूनच बसतात. सगळ्यात जास्त दाखवला जाणारा रील म्हणजे "घटस्फोट झाला की अर्धी इस्टेट बायकोची". गोव्यात तसं आहे, कारण तिथे पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो आणि वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समजली जाते. महाराष्ट्रात असं काही नाही. इथे पोटगीचा दावा असतो, आणि हिंदू विवाह कायद्याखाली तो नवऱ्यालाही करता येतो. दुसरा रील "४९८अ लागलं की सगळं घर आत". ४९८अ म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केला तर लागणारं कलम. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अशी सरसकट अटक करू नका असं बजावलंय. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, रीलवाले अजून जुन्याच नंबरावर आहेत. खोट्या तक्रारी होतात, मी पाहिल्यात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या दहातल्या जवळपास तिघींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. त्यातल्या फार थोड्या माझ्या दारापर्यंत पोचतात. आणि आता तर मुलीचे आईवडीलच म्हणतात, "केस नको, लोक पैशासाठी केली म्हणतील." याचा मला सगळ्यात राग येतो.

धाकटा_भाऊ
माझ्या दादावर अशी केस आहे. आमच्या मते खोटी. आई सत्तरीच्या पुढची, तिलाही तारखांना जावं लागतं. दादा रात्र रात्र पुरुष हक्कांचे व्हिडिओ बघायचा. सुरुवातीला त्याला बरं वाटायचं, आपलं दुःख कुणीतरी बोलतंय म्हणून. मग तो माझ्या बायकोशी तुसडेपणाने वागायला लागला, तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नसताना. केस लवकर निघावी यासाठी त्या व्हिडिओवाल्यांपैकी कुणी काही केलं नाही. वरच्या वकीलताईंनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय.

भांडी_घासणारा
बायकोने माझा भांडी घासतानाचा व्हिडिओ टाकला. "बायकोचा बैल", "ताटाखालचं मांजर", शेकड्याने. तिने भाकऱ्या थापतानाचा टाकला तेव्हा "संस्कार" म्हणून हात जोडलेले. व्हिडिओ आम्ही अजून टाकतो.

पायरी
मला एका शॉर्टने वाचवलं. सासरचे "घर आमचं, चालती हो" म्हणत होते. एका वकील बाईंनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल मराठीत सांगितलं होतं, की घर बायकोच्या नावावर नसलं तरी तिला असं बाहेर काढता येत नाही. मी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला. पुढचं सगळं लिहायची आज ताकद नाही.

नववी_ब
मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातली मुलं व्यायामाचे रील बघत बघत "मुलींना फक्त पैसा दिसतो" इथवर पोचलीत. एकाने तसं निबंधात लिहिलं. त्याची आई पहाटे द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते, त्याची फी तीच भरते. मी त्याला रागावले नाही, तिच्या दिवसभराच्या कामांची यादी करून आणायला सांगितली. आणली त्याने. दोन पानं भरली, तरी रात्री परत तेच रील पुढे येणार हे मला माहीत आहे. पायरी, त्या वकील बाईंसारखं साध्या मराठीत बोलणाऱ्यांचे व्हिडिओ कुणाला माहीत असतील तर इथे सांगा. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला दाखवायचे आहेत.