मदत हवी आहे: आईला स्वतःचं पोळी-भाजी केंद्र सुरू करायचंय

नमस्कार मंडळी. माझी आई गेली 14 वर्षं चार घरी स्वयंपाकाला जाते. त्या पैशावर माझं शिक्षण झालं. मला नोकरी लागल्यावर नातेवाईक म्हणाले, "आता तरी लोकांकडची कामं सोडायला सांग, बरं दिसत नाही." मला याचा फार राग आला. आई शांतपणे कणीक मळत होती. परातीच्या कडेला लागलेलं पीठ गोळ्यानेच टिपून घेत म्हणाली, "काम नाही सोडणार. पण आता स्वतःचं करायचंय."

1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे तिला पाठ आहे.

किलोभर कणकेत तिच्या 35 घडीच्या पोळ्या होतात. पण पोळीचा भाव कसा ठरवायचा? गॅस, तेल धरता येतं, तिच्या मेहनतीचे किती धरायचे? ती स्वतःचे पैसे धरतच नाही, तिथेच आमचं अडतंय. महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ घेता का? उधारीला नाही कसं म्हणता? सुरुवात घरूनच करावी की लहानसा गाळा बघावा? अन्न परवान्यासाठी कुठली कागदपत्रं लागली?

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. रात्री सगळी उत्तरं मी आईला वाचून दाखवणार आहे.