कुत्र्याने रात्री घरात शू-शी केली तर तुम्ही काय करता? अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव
आमचा शेरू पाच वर्षांचा, गावठी, पिल्लू असताना उद्यमबागेत एका वर्कशॉपच्या गेटजवळ सापडलेला. दिवसा घरात कधी एक थेंब नाही, पण महिन्यातून तीन-चार वेळा पहाटे दूध घ्यायला उठले की हॉलमध्ये देवघराच्या बाजूलाच पाय ओला. सासूबाई माळकरी आहेत, त्यांना ते फार लागतं आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पण त्या सकाळी शेरू कान पाडून कॉटखाली जाऊन बसतो तेही मला बघवत नाही. ओरडायचं नाही हे ठरवलंय. मग करायचं काय? खातोय, खेळतोय, आजारी वाटत नाही. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी कशामुळं होत होतं आणि कशानं थांबलं ते सविस्तर लिहा की. आपल्या भागातलंच लिहा, बाहेरचे व्हिडिओ बघून झालेत, त्यात मागं अंगण आणि कुत्र्यासाठी वेगळं दार असतं, आमच्याकडे दोन खोल्या आणि जिना आहे.

जांबोटी रोड, खानापूर
ताई, आमच्याकडे हे फक्त पावसाळ्यात. तुम्हाला माहितीच आहे इकडचा पाऊस, जून लागला की सप्टेंबरपर्यंत अंगण वाळत नाही, वीज जाते, आणि आमची काळी पडवीच्या कडेला येऊन थांबते, एक पाय पुढं टाकते आणि परत आत. दोन वर्षं आम्हाला वाटायचं बाहेर जाऊन आली, म्हणजे झालं. ती नुसती पडवीतून वळून येत होती! रात्री दोन-तीनला मग चुलीजवळ. बाबांनी शेवटी गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली चार बाय चारची जागा केली, खाली लाल माती, वर थोडं गवत उपटून टाकलं, आणि पहिले चार दिवस तिच्याच शूने भिजलेला कपडा तिथं ठेवला. वास ओळखीचा झाला आणि ती तिथं जायला लागली. माती आठवड्याला बदलतो, नाहीतर वास मारतो. पण मुख्य गोष्ट ही की छत्री घेऊन आपण सोबत उभं राहायचं आणि केलेलं डोळ्यांनी बघायचं, दारातून सोडून दिलं म्हणजे केलं असं धरायचं नाही.

शहापूर
आमच्याकडे शी व्हायची, पातळ, पहाटे. कारण आजीची रात्रीची दूध-भाकरी. प्रेमानं द्यायची, एक वाटी भरून. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, पिल्लूपण संपलं की ती ताकद कमी होते असं डॉक्टर म्हणाले. दूध बंद, भाकरी वरणात आणि संध्याकाळी सातच्या आत. चार दिवसांत थांबलं. आजीला एवढंच सांगितलं की त्याच्या पोटात दुखतंय, मग तीच कुणाला देऊ देईना.

निपाणी
माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लांब लिहिते. आमची राणी सात वर्षांची, ऑपरेशन झालेली (पिल्लं न होण्याचं). गेल्या वर्षापासून ती झोपेतून उठली की तिची गादी ओली. आम्ही समजत होतो मुद्दाम करते, कारण बाहेर नेलं तर व्यवस्थित करायची. मुलगा तिच्यावर रागवायचा, दोन महिने आम्ही तिला बाल्कनीत झोपवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर एका रात्री मी जागी होते आणि बघितलं, ती गाढ झोपलेली होती आणि तशीच गळत होती, तिला पत्ताच नव्हता. आधी लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं. ऑपरेशन झालेल्या माद्यांत काही वर्षांनी लघवी धरून ठेवणारा स्नायू ढिला पडतो, हार्मोन कमी झाल्यामुळं, आणि झोपेत गळतं, असं डॉक्टरांनी समजावलं. रोजची गोळी सुरू आहे, आता गादी कोरडी. तर ताई, तुमच्या शेरूचं हॉलमध्ये डबकं असतं का झोपायच्या जागी ओल असते, हे आधी बघा. उभं राहून केलेलं आणि झोपेत गळलेलं हे दोन वेगळे विषय आहेत.

वडगाव
साफ कसं करता ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फिनाईल मारू नका. वरचा वास जातो पण कुत्र्याला खालचा येतोच, आणि ते पायाला लागून कुत्रं चाटतं, ते त्याला घातक आहे. मी आधी कोरड्या कपड्यानं दाबून सगळं टिपून घेतो, घासत नाही, मग साबणाचं पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर (पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं) ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलंच ठेवतो. लगेच पुसलं तर उपयोग नाही, ते लघवीतला घटक मोडतं त्याला वेळ लागतो. आमच्याकडे जुनी शहाबादी आहे. नेटवर सगळे व्हिनेगर सांगतात, मी टाकलं आणि पांढरे डाग पडले. शहाबादी चुनखडीचा दगड, आंबट टाकलं की खातं. लिंबूपण नको. फरशीच्या सांध्यात मुरतं ते वेगळं, आमच्या तीन फरश्यांचे सांधे उकरून परत सिमेंट भरलं तेव्हा तो कोपरा सुटला.

अनगोळ
आमचं लॅब्राडॉर, तेव्हा अडीच महिन्यांचं. घरी आणलं तेव्हा शेजारच्या काकांनी सांगितलं नाक घासा त्यात, शिकतं. ह्यांनी दोनदा तसं केलं आणि पिल्लू ह्यांच्यासमोर शू करायचंच बंद झालं, बाहेर नेलं तरी रोखून धरायचं आणि घरात आलं की सोफ्यामागं लपून करायचं. त्याला कळलं ते एवढंच की माणसानं बघितलं की मार. शिक्षा बंद केली. महिने जितके त्यात एक मिळवायचा, तेवढे तास साधारण धरू शकतं म्हणतात, म्हणजे अडीच महिन्यांचं साडेतीन तास, तेही जास्तीत जास्त. आम्ही रात्री अकरा, दोन आणि पाचचे अलार्म लावले, उचलूनच खाली न्यायचं, लिफ्टमध्ये चालवलं तर तिथंच व्हायचं. तीन आठवडे झोप नाही. आता पाच महिन्यांचं आहे, अकरा ते पाच सलग झोपतं.

चिक्कोडी
हे सगळ्यांनी वाचा. आमचा मुधोळ चार वर्षांचा, उसाच्या शेतात दिवसभर. ऑगस्टमध्ये एका सकाळी ओसरीवर मुतलेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. आई पोतेरं घेऊन आली आणि मी सहज बघितलं तर रंग कॉफीसारखा. आईला म्हटलं थांब, पुसू नको. फोटो काढला. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्या फटक. तसाच गाडीत घालून दवाखान्यात. गोचीडताप, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत होत्या आणि त्याचा रंग लघवीत उतरला होता. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला आणि त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो रात्री बाहेर शेतात जाऊन करून आला असता तर आम्हाला कळलंच नसतं. तेव्हापासून मी पुसायच्या आधी बल्ब लावून बघतो, रंग, किती आहे, रक्त आहे का. बहिणीच्या कुत्रीनं माजानंतर महिन्याभरात खूप पाणी पिऊन घरात मुतायला सुरुवात केली तेव्हा मीच सांगितलं ने म्हणून, गर्भाशयात पू झालेला होता. वाचली.

संकेश्वर
आमच्या घरात मी मराठी बोलते, सासरे कानडी, मुलं दोन्ही मिसळून. पिल्लाला एक जण म्हणायचा शू कर, एक जण उच्चे माडू, एक जण चल चल लवकर. ते बिचारं तिघांच्या तोंडाकडं बघायचं आणि काहीच न करता घरी यायचं, मग रात्री आत. शेवटी बाळांना शू करायला लावताना आपण जो सूऽऽ आवाज काढतो तोच सगळ्यांनी काढायचा असं ठरलं. करायला बसलं की सूऽऽ, झालं की लगेच शेंगदाणा. पंधरा दिवसांत सूऽऽ म्हटलं की करतं. थंडीत रात्री अकराला हा आवाज म्हणजे केवढं सुख.

कंग्राळी
शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक असते त्या रात्री आमचा टायगर दोन वर्षं घरात करतोय. डॉल्बीच्या आवाजानं दार उघडलं तरी बाहेर येत नाही. आता त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच लांब फिरवतो आणि रात्री आतल्या खोलीत पंखा मोठा करून, खाली जुनी चादर. होतं एखाद्या वेळी, धुतो. दिवाळीतही तेच.

कॅम्प, बेळगाव
आमचा ब्रूनो तेरा वर्षांचा आहे. रात्री उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, दार कुठल्या बाजूला ते विसरतो, आणि तिथंच होतं. मूत्रपिंडाची तपासणी केली, थोडी कमजोर आहेत. पाणी मात्र आम्ही कधी काढून घेत नाही, म्हाताऱ्या कुत्र्याचं पाणी तोडलं तर मूत्रपिंडं आणखी बिघडतात. दाराजवळ झिरोचा बल्ब लावलाय, गुळगुळीत फरशीवर पाय घसरायचे म्हणून त्याच्या वाटेवर सतरंजी, आणि रात्री दीडला मी उठते. त्याच्या छातीखाली हात घालून नेते. काही रात्री आम्ही पोचतो, काही रात्री नाही. माझ्या मुलीच्या जन्माआधीपासून तो या घरात आहे.

टिळकवाडी, बेळगाव
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, कॅम्पच्या ताईंचं वाचून रडले. निपाणी आणि चिक्कोडीचं वाचून आधी शेरूची लघवी तपासून आणली, नॉर्मल आहे, आणि डबकंच असतं, गादी कोरडी असते. मग कॅलेंडर काढलं. ह्यांच्या शिफ्टा त्यावर लिहिलेल्या असतात, आणि शेरूनं घरात केलेल्या दिवसांवर मी दूधवाल्याच्या खाड्यासारखी फुली मारत होते. सातपैकी सहा फुल्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यातल्या! ते आठवडे हे रात्री बारा वाजता येतात, म्हणून नऊला मीच शेरूला खाली नेते, आणि कोपऱ्यावर चार भटकी कुत्री बसलेली असतात, तो गेटमधूनच मागं ओढतो. खानापूरच्या दादांनी लिहिलं तसंच, बाहेर जाऊन आला म्हणजे झालं असं मी धरत होते. संध्याकाळी पाचचं शेवटचं, ते पहाटे पाचपर्यंत, बारा तास तो कसा धरणार.

काल पावणेअकराला मागच्या बोळातून मोकळ्या प्लॉटवर नेला, हातात काठी. एन्झाइमवालं आणलंय, देवघराजवळचा कोपरा आज दोनदा धुतला. शेरूनं प्लॉटवर तीन ठिकाणी पाय वर केला. परत येताना वर बघितलं तर सासूबाई गॅलरीत उभ्या, बोळावर बॅटरी धरून.